हा पाटील तोच का? सीआरएम, एपीआय आणि मधला प्लॅटफॉर्म

गेल्या वर्षी नाशिकच्या एका सोलर डीलरकडे बसलो होतो. छपरावर पॅनेल बसवून देणारं छोटं ऑफिस, सात-आठ माणसं. फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली, तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान जाहीर झालं आणि तेव्हापासून त्यांचा फोन काही थांबायला तयार नव्हता. वेबसाइटच्या फॉर्मवरून चौकशा, फेसबुकच्या जाहिरातीतून चौकशा, व्हॉट्सअ‍ॅपवर चौकशा. 'आमच्या मेव्हण्याकडे तुम्हीच बसवलं ना' म्हणत थेट दारात येणारे वेगळेच. हे सगळं एका एक्सेलमध्ये, दोन मोबाइलांमध्ये आणि हिशेब बघणाऱ्या काकांच्या लांबट वहीत विखुरलेलं. मालकांनी झोहो सीआरएम घेऊन ठेवलं होतं, पण त्यात नोंदी कोणी भरायच्या यावरून रोज वाद.

"एपीआयने हे सगळं आपोआप जोडता येतं म्हणे. किती दिवस लागतील?" त्यांनी विचारलं.

जोडायला एक दुपार पुरते. पुढचे तीन आठवडे कशात गेले, ते सांगतो.

सीआरएम म्हणजे ग्राहकांची सामाईक वही. कोण माणूस, कुठून आला, त्याच्याशी शेवटचं बोलणं कोणी केलं, कोटेशन किती रुपयांचं दिलं, पुढचा फोन कधी करायचा. या वहीचा फायदा एवढाच की ती एका माणसाच्या खिशात नसते. सेल्सचा मुलगा नोकरी सोडून गेला तरी त्याच्या लीड, म्हणजे चौकशी करणारी संभाव्य गिऱ्हाइकं, त्याच्याबरोबर जात नाहीत.

आता एपीआय. यासाठी तलाठी कार्यालय आठवा. तुम्हाला सातबारा हवा असतो. तुम्ही आत जाऊन तलाठ्याचं दप्तर उपसत नाही. गाव सांगता, गट नंबर सांगता, ठरलेल्या पद्धतीने मागणी करता आणि उतारा हातात पडतो. दप्तर कुठल्या कपाटात आहे, कुठल्या क्रमाने लावलंय, याच्याशी तुमचा संबंध नसतो. उद्या कपाट बदललं तरी मागायची रीत तीच राहते. एका सॉफ्टवेअरने दुसऱ्याकडून माहिती मागायची किंवा त्याच्या वहीत नोंद करायची ही जी ठरलेली रीत, ती एपीआय. त्यातला गट नंबर मात्र लक्षात ठेवा, सगळी गोम तिथेच आहे.

एका विनंतीत चार गोष्टी असतात. पहिली, पत्ता: कुठल्या सर्व्हरवर, कुठल्या विभागात. दुसरी, क्रियापद: 'गेट' म्हणजे दाखव, 'पोस्ट' म्हणजे नवी नोंद कर, 'पुट' किंवा 'पॅच' म्हणजे बदल, 'डिलीट' म्हणजे काढून टाक. तिसरी, मागणाऱ्याचा ओळखपत्रासारखा टोकन. चौथी, प्रत्यक्ष मजकूर. तो बहुतेक वेळा जेसन नावाच्या मांडणीत असतो. मांडणी साधीच, रकान्याचं नाव आणि त्यापुढे किंमत: आडनाव पाटील, गाव ओझर, स्रोत फेसबुक. उत्तरात तीन आकडी कोड येतो. २०० किंवा २०१ आला की काम झालं. ही पद्धत काही आजची नाही. सेल्सफोर्स हे अमेरिकी सीआरएम १९९९ साली सुरू झालं आणि २००० मध्येच त्यांनी आपला एपीआय बाहेर खुला केला. त्याच वर्षी संगणकशास्त्रज्ञ रॉय फिल्डिंग यांनी आपल्या पीएचडी प्रबंधात वेबवरच्या सॉफ्टवेअरांनी एकमेकांशी बोलायची 'रेस्ट' ही रचना मांडली. आज बहुतेक सीआरएमचे एपीआय कमीअधिक त्याच वळणाने जातात.

मग मध्ये आणखी एक प्लॅटफॉर्म कशाला? बेरीज करून बघा. वेबसाइट, फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप, सीआरएम आणि हिशेबाचं टॅली अशा पाच गोष्टी प्रत्येकी दुसरीशी थेट जोडायच्या तर दहा जोडण्या होतात. मध्ये एक जंक्शन ठेवलं तर पाच. झॅपियर, मेक, एनएटएन, झोहो फ्लो, भोपाळचं पॅबली कनेक्ट ही अशी जंक्शनं. 'हे घडलं की ते कर' असे नियम पडद्यावर चौकोन जोडून मांडायचे, कोड लिहावा लागत नाही किंवा थोडाच लागतो. मोठ्या कंपन्यांत हेच काम म्यूलसॉफ्टसारखी वजनदार साधनं करतात. सेल्सफोर्सने २०१८ मध्ये ती कंपनी जवळपास ६५० कोटी डॉलर मोजून घेतली. म्यूल म्हणजे खेचर. डेटा इकडून तिकडे वाहून नेण्याच्या गाढवमेहनतीवरून संस्थापकाने हे नाव ठेवलं होतं. या धंद्यात इतकं प्रामाणिक नाव दुसरं नसावं.

जंक्शनचा तोटाही जंक्शनसारखाच. तिथे खोळंबा झाला की सगळ्याच गाड्या थांबतात. शिवाय बहुतेकांचं बिल किती पावलं टाकली यावर असतं. 'नवी लीड आली, सीआरएममध्ये शोध, नसेल तर नोंद कर, मालकांना मेसेज पाठव' यात चार पावलं दिसतात. महिन्याला हजार चौकशा असतील तर गुणाकार आधीच करून घ्या. मालक लोकांना हे महिनाअखेरीस कळतं.

जोडणीची सुरुवात परवानगीपासून होते. झोहोसाठी तुम्ही प्लॅटफॉर्मवर 'कनेक्ट' दाबता, झोहोचं पान उघडतं, 'या अ‍ॅपला लीड वाचायला आणि लिहायला परवानगी द्यायची का' विचारतं, तुम्ही 'अ‍ॅक्सेप्ट' म्हणता. पासवर्ड प्लॅटफॉर्मला कळतच नाही. या पद्धतीला ओ-ऑथ म्हणतात आणि सध्याची तिची दुसरी आवृत्ती २०१२ पासून प्रमाण म्हणून चालते. पडद्यामागे दोन टोकनं तयार होतात. एक अ‍ॅक्सेस टोकन, झोहोमध्ये त्याचं आयुष्य एक तास. दुसरं रिफ्रेश टोकन, ते टिकाऊ. दर तासाला ते दाखवून नवं अ‍ॅक्सेस टोकन घ्यायचं. म्हणजे वाटेत कोणी तासाभराचं टोकन लांबवलं तरी ते लवकरच निकामी होतं.

इथे नवख्यांना हमखास ठेच लागते. झोहोची डेटा सेंटरं वेगवेगळी आहेत. तुमचं खातं भारतातलं असेल तर पत्ता डॉट इनचा असतो. डॉट कॉमच्या पत्त्यावर विनंती पाठवली की टोकन खरं असूनही ते चुकीचं म्हणून परत येतं आणि माणूस अर्धा दिवस टोकनच तपासत बसतो. दुसरं असं की एका युजरला झोहो वीसच रिफ्रेश टोकनं देतं. एकविसावं बनवलं की सगळ्यात जुनं गुपचूप रद्द होतं, ते वापरात असलं तरीही. चाचणी करताना दहा वेळा जोडा-तोडा करणाऱ्याची चालू जोडणी एके दिवशी मरते आणि त्याला वाटतं झोहो बंद पडलं.

आणि कृपा करून ही परवानगी सेल्सच्या एखाद्या मुलाच्या लॉगिनने देऊ नका. तो सोडून गेला, त्याचं खातं बंद केलं की जोडणीही गेली. जोडणीसाठी वेगळा युजर काढा आणि त्याला लागतील तेवढ्याच परवानग्या द्या. हे टोकन म्हणजे घराची चावीच. ऑगस्ट २०२५ मध्ये सेल्सलॉफ्टच्या ड्रिफ्ट या चॅट साधनाची ओ-ऑथ टोकनं चोरीला गेली आणि ती दाखवून चोरट्यांनी शेकडो कंपन्यांच्या सेल्सफोर्स खात्यांतून माहिती उपसली. क्लाउडफ्लेअर, पालो अल्टो नेटवर्क्स, झीस्केलर अशा सुरक्षा विकणाऱ्या कंपन्याही त्यात सापडल्या. सेल्सफोर्सचं कुलूप फोडावं लागलंच नाही, किल्ली शेजाऱ्याकडून मिळाली.

पुढचा प्रश्न, नवी चौकशी आली हे प्लॅटफॉर्मला कळतं कसं? एक रीत म्हणजे ठरावीक वेळाने जाऊन विचारायचं, 'काही नवीन?' याला पोलिंग म्हणतात. दर पंधरा मिनिटांनी विचारणार असाल तर लीड पंधरा मिनिटं शिळी होऊ शकते. सोलरच्या धंद्यात तेवढ्यात दुसऱ्या डीलरचा फोन जाऊन आलेला असतो. दुसरी रीत वेबहुकची, म्हणजे समोरच्यानेच बेल वाजवायची. फेसबुकच्या लीड जाहिरातींचा वेबहुक मात्र मजेशीर आहे. तो माणसाचं नाव-फोन आणत नाही, फक्त लीडचा क्रमांक आणतो. ती चिठ्ठी घेऊन पुन्हा फेसबुकच्या एपीआयकडे जायचं, मग फॉर्ममधला मजकूर मिळतो. आणि ही माहिती फेसबुककडे ९० दिवसच राहते. 'जुन्या लीड नंतर कधीतरी उतरवून घेऊ' म्हणणाऱ्यांनी हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा.

बेल वाजली की लगेच 'पोचलं' म्हणून २०० चा निरोप द्यायचा असतो. तुमचा प्लॅटफॉर्म आधी सीआरएममध्ये नोंद, मग मेसेज, मग ईमेल करत बसला आणि उत्तराला उशीर झाला, तर समोरच्याला वाटतं निरोप पोचलाच नाही. तो पुन्हा पाठवतो. यूपीआयवर 'पेंडिंग' दिसलं म्हणून आपण परत पैसे पाठवतो आणि दोनदा कापले जातात, तसंच. म्हणून तोच निरोप दोनदा आला तरी नोंद एकच व्हायला हवी, अशी सोय पहिल्या दिवसापासून ठेवावी लागते.

नोंद एकच व्हायची तर आधी ओळखता यायला हवं: हा पाटील तोच का?

त्या ऑफिसात पहिल्या आठवड्यात जे झालं ते असं. वेबसाइटच्या फॉर्मवर 'नाव' असा एकच रकाना. झोहोत लीडला आडनाव अनिवार्य. सेल्सफोर्समध्येही ते लागतंच, वर कंपनीचं नावसुद्धा. मी सोपा नियम लावला: शेवटचा शब्द म्हणजे आडनाव. 'रमेश बाबूराव पाटील' नीट बसले. मग एका गृहस्थांनी शाळेच्या दाखल्यावर असतं तसं लिहिलं, 'पाटील रमेश बाबूराव'. त्यांना मेसेज गेला, 'नमस्कार बाबूराव'. वडिलांच्या नावाने! ते चिडले नाहीत, पण ऑफिसात आठवडाभर तो विनोद चालला. कोणी नुसतंच 'सुनीता' लिहिलं, ती नोंद शेवटचा शब्द म्हणून आडनावात गेली. कोणी नावाच्या जागी लिहिलं 'तीन किलोवॅट रेट सांगा'. शेवटी आम्ही फॉर्मवरच नाव आणि आडनाव असे दोन रकाने केले. बारा ओळींचा नियम लिहिण्यापेक्षा फॉर्म सुधारणं स्वस्त पडतं, हे कळायला मला एवढी वर्षं लागायला नको होती.

फोनची कथा निराळी. तोच नंबर एका ठिकाणी +९१ लावून, दुसऱ्या ठिकाणी आधी शून्य लावून, तिसऱ्या ठिकाणी मधे मोकळी जागा सोडून. एक्सेलमधून आलेले काही नंबर तर घातांकाच्या रूपात, शेवटचे आकडे गायब. माणसाला हे सगळे एकच दिसतात, यंत्राला चार वेगळे. मराठी कीबोर्डवरून फॉर्म भरणारे आकडेही देवनागरीत टाकतात. त्यात काहीच चूक नाही, पण बऱ्याच ठिकाणची तपासणी फक्त इंग्रजी आकडे ओळखते आणि फॉर्म 'नंबर चुकीचा आहे' म्हणतो. इकडे ग्राहक म्हणतो, माझाच नंबर मला चुकीचा सांगतात. उपाय छोटा: सीआरएममध्ये जाण्याआधी एक पाऊल असं ठेवायचं की देवनागरी आकडे बदलायचे, बाकीची चिन्हं काढायची, शेवटचे दहा अंक घ्यायचे, पुढे +९१ लावायचा. ०२५३ वाले लँडलाइन वेगळे काढायचे.

परदेशी सॉफ्टवेअरांची घडण ईमेलवर झालेली आहे. हबस्पॉट हे सीआरएम माणूस ओळखतं ते ईमेलवरून. झोहोही लीडची दुहेरी नोंद तपासताना मुळात ईमेल बघतं. 'मोबाइल बघ' असं विनंतीत वेगळं सांगावं लागतं. आपल्याकडे निफाडच्या द्राक्षबागायतदाराचा ईमेल बहुधा पुतण्याने उघडून दिलेला असतो आणि तो त्या पुतण्याच्याच फोनवर चालतो. म्हणून आम्ही मोबाइल धरला. झोहोची 'अपसर्ट' नावाची सोय इथे कामाला येते: नोंद असेल तर सुधार, नसेल तर नवी कर, एकाच विनंतीत.

चार दिवस बरं चाललं. मग टॅली आलं.

टॅली ऑफिसातल्या एका कॉम्प्युटरवर बसलेलं असतं. ते एक्सएमएल नावाच्या, जेसनहून वेगळ्या मांडणीत बोलतं, सहसा ९००० क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या ठरलेल्या दारावर, आणि तेही त्याच नेटवर्कमधल्यांशी. इंटरनेटवरचा प्लॅटफॉर्म त्याच्यापर्यंत थेट पोचत नाही. मधे एक छोटा प्रोग्रॅम ठेवावा लागतो. संध्याकाळी काका कॉम्प्युटर बंद करून घरी गेले की टॅलीही झोपलं. रात्रीच्या नोंदी कुठेतरी रांगेत उभ्या करून सकाळी पाठवाव्या लागतात. हे सगळं जमलं. अडलं ते नावाशी. टॅलीत पार्टी ओळखली जाते ती लेजरच्या, म्हणजे खात्याच्या नावानेच. एका नावाची दोन लेजर होत नाहीत. म्हणून काकांनी वर्षानुवर्षं 'रमेश पाटील ओझर', 'रमेश पाटील ओझर २', 'रमेश पाटील पंपवाले' असं लिहून ठेवलेलं. सीआरएम मोबाइल बघतंय, टॅली 'पंपवाले' शोधतंय. बिल पाठवलं की टॅली म्हणणार, असं लेजरच नाही.

याच गोंधळात मी एक चूक केली, तीही सांगून टाकतो. पत्ता सीआरएममध्ये बदलला तर टॅलीत जावा, टॅलीत बदलला तर सीआरएममध्ये यावा, असे दोन नियम मी लावले. दोन्हीकडे पत्ता लिहायची पद्धत जरा वेगळी होती, एकीकडे 'ता.' आणि दुसरीकडे 'तालुका'. सीआरएमने बदलला, टॅलीने तो परत बदलला, परत सीआरएमने. दोन व्याही एकमेकांना 'आधी तुम्ही' म्हणत दारात उभे, तसा हा खेळ दिवसभर चालला. संध्याकाळी प्लॅटफॉर्मचा महिन्याचा कोटा संपलेला आणि सीआरएम ४२९ देऊन गप्प. ४२९ म्हणजे 'फार वेळा विचारलंस, थोडं थांब'. तेव्हा थांबायचं असतं: आधी दोन सेकंद, मग चार, मग आठ. ४०१ आला तर टोकन नवं घ्यायचं. ५०० आला तर चूक समोरच्याची, थोड्या वेळाने पुन्हा बघायचं. ४०० आला तर मात्र तीच विनंती शंभरदा पाठवून उपयोग नाही, आपलाच मजकूर चुकलाय.

त्या दिवसानंतर मालकांना आणि काकांना समोरासमोर बसवलं आणि एक कागद केला. फोन आणि पत्ता: शब्द सीआरएमचा. येणं-देणं: शब्द टॅलीचा, सीआरएमने फक्त वाचायचं. कोटेशन: सीआरएम. बिल नंबर: टॅली. प्रत्येक रकान्याला एकच धनी. जोडणीच्या युजरने केलेला बदल परत पाठवायचा नाही, हेही त्यावरच लिहिलं. आधारची प्रत सीआरएममध्ये न्यायचीच नाही असं ठरलं. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे आणि फॉलोअपच्या फोनसाठी आधार लागतही नाही. तो कागद करायला दीड तास लागला. तो आधी केला असता तर दोन आठवडे वाचले असते.

राहिला प्रश्न 'पंपवाले' पाटलांचा. तेव्हा काकांनी वही पुढे सरकवली. त्यांच्या वहीत पहिल्या रकान्यात नाव नव्हतंच. तिथे होता महावितरणचा ग्राहक क्रमांक, बारा अंकी, लाइटबिलावरून उतरवलेला. अनुदानाच्या फाइलला तो लागतोच, म्हणून ते आधी तोच लिहायचे. नाव दोघांचं सारखं असेल, मोबाइल बदलेल, बिल वडिलांच्या नावावर आणि फोन मुलाचा असेल. पण छपराखालचा मीटर एकच. ज्या ओळखीसाठी मी चार सॉफ्टवेअरांची माहितीपत्रकं चाळत होतो, ती त्या वहीत पहिल्या पानापासून होती. सातबाऱ्याला जसा गट नंबर, तसा हा.

मग रचना अशी बसली. चौकशीच्या वेळी लाइटबिल कोणी देत नाही, म्हणून लीड असेपर्यंत ओळख मोबाइलवरून. साइट बघायला माणूस गेला की तो बिलाचा फोटो घेतो आणि ग्राहक क्रमांक सीआरएममध्ये भरतो. तो रकाना 'एकमेव' म्हणून नोंदवलेला, म्हणजे तोच क्रमांक दुसऱ्यांदा घालू गेलं तर सीआरएम अडवतं. टॅलीत लेजरच्या नावाच्या शेवटी तोच क्रमांक. पुढच्या सगळ्या विनंत्या त्या क्रमांकावर चालतात. आणि तो रकाना आकड्याचा न ठेवता मजकुराचा ठेवला, कारण काही ग्राहक क्रमांक शून्याने सुरू होतात आणि आकड्याच्या रकान्यात ते पहिलं शून्य गळून पडतं.

जुन्या नोंदी चढवायला एक रविवार गेला. झोहोत एका विनंतीत शंभर नोंदी जातात, त्यामुळे पाठवायला काही मिनिटं पुरली. वेळ गेला तो वहीतून उतरवण्यात. ऑफिसातला मुलगा टाइप करत होता, काका चष्मा कपाळावर सरकवून क्रमांक वाचत होते आणि दर चार ओळींनी त्याला दटावत होते, "अरे, पुढचं शून्य खाऊ नकोस."